स्वमग्नता : कोणाचे मूल ओळखले जाते?

क्षयाला वर्ग आहे, कुपोषणाला वर्ग आहे, सिलिकोसिसला तर वर्गाखेरीज दुसरे काही नाहीच. ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याला कोणी शिकवावी लागत नाही. रोग कोणाला होतो यावरून समाजरचना वाचण्याची त्याला सवय असते. परंतु याहून निराळा आणि काहीसा फसवा असा एक प्रकार आहे. एखादी अवस्था झोपडीत आणि बंगल्यात सारखीच जन्माला येते, पण नावानिशी ओळखली जाते ती केवळ बंगल्यात. झोपडीत तीच अवस्था हट्ट, मुकेपणा, खुळेपणा, नजर, पूर्वजन्मीचे भोग अशा नावांखाली वावरत राहते. मग पाहणाऱ्याला वाटते की, हा सुखवस्तू घरांतला प्रश्न. आणि ज्या चळवळीने त्याला हात घालायचा, तीही तो सुखवस्तूंवर सोपवून मोकळी होते. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात आणि ज्यासाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे, त्या अवस्थेची आपल्याकडील गत नेमकी अशी आहे.

शब्दाविषयी आधी थोडे बोलले पाहिजे, कारण अर्धा गैरसमज शब्दातूनच जन्मतो. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९१०-११ च्या सुमारास ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मूळ संज्ञा घडविली, तीही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. तिचा मराठी पर्याय अधिकच फसवा आहे. ‘मग्न’ म्हटले की समाधी लावून बसलेला, स्वतःतच तृप्त असा कोणी डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः स्वमग्न मूल तृप्तही नसते आणि जगापासून अलिप्तही नसते. किंबहुना जग त्याच्यावर इतक्या बाजूंनी आणि इतक्या तीव्रतेने आदळत असते की, त्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे याची निवड त्याच्या मेंदूला इतरांसारखी करता येत नाही. हा मेंदूच्या घडणीतील जन्मजात वेगळेपणा आहे. तो ताप-खोकल्यासारखा मागून जडत नाही आणि औषधाने उतरतही नाही. त्याच्या खुणा मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात, आणि त्या दिसण्यासाठी यंत्र लागत नाही, रक्ताची तपासणी लागत नाही. पाहणारा माणूस लागतो.

काय पाहायचे? वर्षाचे मूल नावाने हाक मारली की वळून पाहते. स्वमग्न मूल पुष्कळदा पाहत नाही. म्हणून घरच्यांना पहिली शंका येते ती बहिरेपणाची. परंतु तेच मूल शेजारच्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की धावत येते, आणि घरचे गोंधळात पडतात. (कानाची तपासणी आधी करून घ्यावी हे बरोबरच आहे, ती झाली म्हणजे प्रश्न मिटला असे मात्र नाही.) दुसरी खूण बोटाची, आणि ती विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूल वर्ष-सव्वा वर्षाचे झाले की बोट दाखवू लागते, पण या बोट दाखवण्याचे दोन प्रकार असतात. डब्यातला लाडू हवा म्हणून दाखविलेले बोट वेगळे, आणि आकाशात विमान दिसले, गोठ्यात वासरू दिसले म्हणून दाखविलेले बोट वेगळे. दुसऱ्या प्रकारात मुलाला काहीच नको असते. आपण पाहिले ते आईनेही पाहावे आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद आपण पाहावा, एवढाच त्याचा हेतू. मनुष्यप्राण्याच्या सामाजिकतेची ही पहिली पायरी म्हणता येईल. स्वमग्न मुलात हे दुसरे बोट फार उशिरा येते किंवा येत नाही. लाडू हवा असला तर ते आईचे मनगट धरते आणि तिचा हात डब्यापाशी नेऊन ठेवते. जणू तो हात म्हणजे एक अवजार आहे आणि त्यामागे चेहरा असलेली कोणी व्यक्ती नाही.

भाषेची खूणही अशीच बोलकी आहे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षे झाली तरी स्वतः जुळविलेले दोन शब्दांचे वाक्य नाही, किंवा आलेले शब्द एकाएकी गेले, तर ‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले’ या समजुतीवर स्वस्थ बसू नये. काही मुले बोलतात, पण ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत करतात. मुलाला तहान लागली की ते म्हणते, ‘तुला पाणी हवं का?’ कारण तहान लागण्याच्या वेळी आईच्या तोंडून त्याने हेच वाक्य ऐकलेले असते. मराठीत तर ही गोष्ट क्रियापदाच्या लिंगावरूनही कळते: पाच वर्षांचा मुलगा ‘मी आले हं’ असे म्हणत घरात शिरतो, कारण आईचे वाक्य त्याने सबंध उचललेले असते. लहानपणी सगळीच मुले थोडेफार असे करतात. येथे ते टिकून राहते. ऐकणाऱ्याला ही पोपटपंची वाटते. पण ते निरर्थक नसते. ती त्याची मागणीच असते, फक्त दुसऱ्याच्या शब्दांत.

याच्या जोडीला दुसरा एक पदर असतो, आणि तो नसेल तर केवळ अबोलपणाला स्वमग्नता म्हणता येत नाही. तो म्हणजे एकसारखेपणाचा आग्रह, पुनरावृत्ती आणि इंद्रियांची निराळी संवेदना. खेळण्यातली मोटार चालविण्याऐवजी तिचे चाकच तासन्‌तास फिरवणे, डब्यांची झाकणे ओळीने मांडणे आणि एक जरी सरकले तरी आकांत करणे, पंख्याकडे पाहत हात फडफडवणे, टाचा उचलून चालणे. ताट तेच हवे, शाळेचा रस्ता तोच हवा. रस्ता खणला म्हणून रिक्षा दुसऱ्या गल्लीने गेली तर दिवसभराचे रडे. कुकरची शिट्टी, मिक्सर, मिरवणुकीतला ढोल-ताशा यांनी ते मूल कान दाबून जमिनीवर लोळते. सदऱ्याच्या कॉलरमागची पट्टी त्याला काट्यासारखी टोचते, आणि एखादे वेळी गुडघा फुटून रक्त आले तरी त्याची दखल ते घेत नाही. लोक म्हणतात, लाडावलेले आहे. लाडाचा येथे काही संबंध नसतो. हट्टी मूल रडताना कोण पाहते आहे याकडे एक डोळा ठेवून असते. या मुलाला त्या क्षणी पाहणाऱ्याचे भान नसते.

यांपैकी एखादी खूण एकटी दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. खुणांचा समूह आणि त्यांचे टिकून राहणे महत्त्वाचे. शिवाय या समूहाचे रूप दर मुलात वेगळे. कोणी आयुष्यभर शब्द उच्चारत नाही, तर कोणी अस्खलित बोलतो, रेल्वेचे वेळापत्रक मुखोद्गत म्हणतो आणि तरीही वर्गातल्या मुलांनी केलेली थट्टा त्याला कळत नाही. कित्येकांना बौद्धिक अक्षमताही असते, कित्येकांना नसते. काहींना अपस्मार असतो. म्हणूनच अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात पूर्वीची निरनिराळी नावे मोडून एकच वर्णपट मानला. १९८८ च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटाने स्वमग्न माणूस म्हणजे आकडेमोडीतला अवलिया, अशी एक गोड समजूत जगभर पसरवली. अशी अचाट देणगी थोड्यांनाच असते. बाकीच्यांना देणगी नसली तरी हक्क असतात, हे चित्रपट सांगत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. निदान झालेल्यांत मुलगे तिपटी-चौपटीने अधिक आढळतात. परंतु मुलीने गप्प बसावे, खाली मान घालून वागावे, अशी जेथे अपेक्षाच असते तेथे तिच्या गप्प बसण्याकडे कोण लक्षण म्हणून पाहणार? वैद्यकाच्या आकड्यांतही घरचे संस्कार असे उतरतात.

आता मूळ मुद्द्याकडे. ही अवस्था श्रीमंतांची, सुशिक्षितांची, हा समज आला कोठून? त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे. या मुलांचे पहिले बारकाईचे वर्णन बहुधा सोव्हिएत रशियात झाले. ग्रुन्या सुखारेवा या तरुण मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने मॉस्कोतील सहा मुलांविषयी १९२५ साली रशियनमध्ये आणि पुढच्याच वर्षी जर्मनमध्ये लिहिले. आजच्या व्याख्येशी ते वर्णन आश्चर्यकारकरीत्या जुळते. पण ती स्त्री होती, ज्यू होती आणि क्रांतीनंतरच्या रशियात काम करीत होती. तिचे नाव पाठ्यपुस्तकांत यायला जवळजवळ शतक लागले. श्रेय गेले ते बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांना. त्यांनी १९४३ साली अकरा मुलांचा, आठ मुलगे आणि तीन मुलींचा, वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी तशाच मुलांविषयी लिहिले. त्याच अ‍ॅस्परगर यांनी ‘अपात्र’ ठरलेली काही मुले नाझींच्या बालहत्या-केंद्राकडे पाठविल्याचे कागद २०१८ मध्ये इतिहासकाराने पुढे आणले. मुलांची ‘उपयुक्त’ आणि ‘निरुपयोगी’ अशी वाटणी एकदा मान्य केली की ती कोठे जाऊन थांबते, त्याचा हा दाखला.

कॅनर यांना आपल्या अकरा कुटुंबांत एक गोष्ट ठळकपणे दिसली. आई-बाप उच्चशिक्षित होते: प्राध्यापक, डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ. त्यांना ते काहीसे थंड आणि पुस्तकी वाटले. या निरीक्षणातून पुढे जो सिद्धान्त रुजला त्याने दोन पिढ्यांतील आयांचे आयुष्य करपवले. मुलाला आईची ऊब मिळाली नाही, म्हणून ते आत मिटून गेले, असे सांगितले जाऊ लागले. ‘शीतपेटी-माता’ असा शब्दच रूढ झाला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली पुस्तक लिहून या कल्पनेला लोकप्रियता दिली. त्यांनी या मुलांच्या स्थितीची तुलना नाझी छळछावणीतील कैद्यांच्या स्थितीशी केली, म्हणजे आईला कोठे उभे केले ते निराळे सांगायला नको.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येथील चूक दाखविता यावी. नमुना निवडला कोणी? १९४० च्या आसपासच्या अमेरिकेत आपल्या मुलाचे काहीतरी वेगळे आहे हे हेरून, चार डॉक्टर पालथे घालून, रेल्वेचे भाडे खर्चून नामांकित विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचणारा बाप प्राध्यापक किंवा वकील नसेल तर कोण असेल? कोळशाच्या खाणीतल्या मजुराचे किंवा दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुराचे स्वमग्न मूल कॅनर यांच्या दारापर्यंत येणारच नव्हते. ते गावात ‘खुळे’ म्हणून वाढले, नाही तर वेड्यांच्या इस्पितळात गेले. दारात कोण पोहोचले हे पाहून, आत कोण आजारी आहे हे ठरविण्यात आले. ब्रिटनमधील लोर्ना विंग यांनी १९८० साली हाच प्रश्न, हा वर्गाचा गुण की निवडीचा दोष, अशा शब्दांत मांडला. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. जे आले त्यांनाच न मोजता लंडनच्या एका भागातील मुलांचा त्यांनी शोध घेतला होता. तसा शोध घेताच वर्गाचा आभास विरघळू लागला. पुढे २०१२ मध्ये स्टॉकहोमच्या लोकसंख्येवर आधारलेल्या अभ्यासात तर चित्र उलटेच निघाले. जेथे बालकांची तपासणी सर्वांना विनामूल्य होते, तेथे कमी उत्पन्नाच्या आणि अंगमेहनत करणाऱ्या घरांतच प्रमाण काहीसे अधिक आढळले. दवाखान्याचे दार उघडे असले की आकडे बदलतात ते असे.

आईवरील आरोपही तोवर कोसळला होता. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञ बापाने १९६४ मध्ये त्यावर पहिला मोठा घाव घातला. १९७७ मध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखविला. आज तो फार मोठा आहे याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही.

आपल्याकडे मात्र आरोपी अजून तीच आहे, फक्त आरोपपत्र बदलले आहे. नोकरी करते म्हणून, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून, मोबाईल हातात दिला म्हणून. शेवटच्या आरोपात आधुनिकतेचा वास असल्यामुळे शिकलेलेही तो करतात. लहान मुलाला तासन्‌तास पडद्यापुढे बसविणे वाईटच. त्याने बोलणे मागे पडू शकते. पण त्यामुळे स्वमग्नता उत्पन्न होत नाही. ज्या आईला धुणीभांडी करायला चार घरी जायचे असते आणि पाळणाघर परवडत नसते, तिने मोबाईल दिला तर प्रश्न पाळणाघराचा आहे. तो बाजूला ठेवून तिला दोषी ठरविणे सोपे जाते, इतकेच.

लशीच्या अफवेविषयी कार्यकर्त्याला नीट माहिती हवी, कारण वस्तीत हा प्रश्न त्याला विचारला जातो. गोवराच्या एकत्रित लशीने स्वमग्नता येते असा संशय ब्रिटनच्या अँड्र्यू वेकफील्ड याने १९९८ साली बारा मुलांच्या आधारे निर्माण केला. त्या लेखात लबाडी होती. ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डची वैद्यकीय सनद गेली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीचा काही संबंध आढळला नाही. गोवराने मात्र मुले मरतात.

जेथे खात्रीचे उत्तर नाही आणि गरज तीव्र आहे, तेथे बाजार बसतो. वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तेथे बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच दाखविले होते. स्वमग्नतेचा बाजार हे त्याचे टोकाचे उदाहरण होय. शरीरातील जड धातू काढून टाकण्याचे उपचार, बंद कोठडीतला प्राणवायू, आहारातून गहू-दूध वर्ज्य करण्याचे पंथ आणि या सर्वांवर कडी म्हणजे मूलपेशी टोचणे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ च्या अखेरीस स्वमग्नतेसाठी मूलपेशींच्या वापराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट सांगितले. तरी त्यासाठी आई-बापांनी दागिने मोडले आहेत. जे खरोखर उपयोगी पडते ते फारसे चमकदार नसते: बोलण्याचे आणि हावभावांचे शिक्षण, चित्रांच्या साहाय्याने संवाद, इंद्रियांचा त्रास कमी करणारी व्यवस्था, रोजच्या कामांचा सराव आणि आई-बापांचे प्रशिक्षण. हे वर्षानुवर्षे करावे लागते, मुलाच्या घरच्या भाषेत करावे लागते, आणि शहरांतील खासगी केंद्रांत त्याचे मोल तासावर आकारले जाते. रोजंदारीवरच्या माणसाने आपली मजुरी आणि तो तास यांचा ताळा कसा जुळवावा? आणि मुलाला घेऊन रोज जायचे तर आईची मजुरीही बुडतेच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या आईचे श्रम शून्य धरले जातात. तिने सोडलेले काम हा तिचा ‘स्वेच्छा’ निर्णय मानला जातो.

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम घेतले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला स्थान दिले. या अर्ध्याअधिक श्रेयाचे धनी आई-बाप आहेत. दिल्लीत मेरी बारुआ यांच्यासारख्या मातांनी १९९० च्या दशकापासून संस्था उभारल्या, दारे ठोठावली. नव्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, नोकऱ्यांतील चार टक्क्यांपैकी एका टक्क्यात वाटा दिला आहे. परंतु त्यासाठी किमान चाळीस टक्के अक्षमतेचा दाखला हवा. दाखला चाळीस प्रश्नांच्या भारतीय मापनश्रेणीवर मिळतो, आणि ती मोजणारा माणूस जिल्ह्याच्या गावी किंवा त्याही पलीकडे असतो. हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो आणि बस तालुक्यातून सकाळी सहाला सुटते. गर्दीने बिथरणाऱ्या मुलाला त्या बसमधून नेणे म्हणजे काय, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमध्ये. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, त्यांत स्वमग्नताही पाहावी, संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्याची योजना आहे. कागदावर याहून चांगली योजना सुचविणे कठीण. पण पथकाने एका फेरीत शंभर मुलांचे वजन, दात, डोळे, नख पाहायचे असते. आणि स्वमग्नता अशी घाईत सापडत नाही. ती सापडते रोज पाहणाऱ्याला. म्हणजेच अंगणवाडीताईला.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारने अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठी कार्यपद्धती जाहीर केली आणि खुणा ओळखण्याचे काम रीतसर सेविकांकडे दिले. काम योग्य माणसाकडे आले यात शंका नाही. गंमत अशी की, त्यानंतर आठवडाभरातच, ४ डिसेंबरपासून, महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या आणि सुमारे पन्नास दिवस संपावर राहिल्या. त्यांच्या मागण्या वेतनाच्या, ग्रॅच्युइटीच्या, निवृत्तिवेतनाच्या होत्या. ज्यांना शासन अजून ‘मानधन’ देते, म्हणजे ज्यांच्या श्रमाला श्रम म्हणायला तयार नाही, त्यांच्याच नजरेवर मेंदूविकासाच्या सर्वांत नाजूक निदानाची पहिली पायरी उभी आहे. पोषणाच्या नोंदी मोबाईलवर भरण्यात जिचा दिवस जातो, तिने मूल दुसरे बोट दाखवते की नाही हे केव्हा पाहावे? संघटनेच्या मागणीपत्रात आणि या मुलांच्या प्रश्नात भिंत घालणारे लोक दोन्हींचे नुकसान करीत आहेत.

ओळख झाल्यानंतरचे काय, हा प्रश्न त्याहून बिकट. विशेष शिक्षकांच्या प्रमाणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्णय दिला: प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक शिक्षक, माध्यमिकला पंधरांमागे एक. हे प्रमाण किती शाळांत पाळले जाते ते पाहायला गावाबाहेर जावे लागत नाही. आणि मूल वीस वर्षांचे झाले की शाळाही संपते. पालकांना विचारले तर ते मुलाच्या शिक्षणाविषयी थोडे आणि आपल्या मृत्यूनंतर त्याचे काय होईल याविषयी अधिक बोलतात. एकत्र कुटुंब सांभाळून घेई, असे म्हणणाऱ्यांनी त्या कुटुंबात सांभाळत कोण होते, तेही सांगावे. बहुधा एखादी विधवा आत्या किंवा अविवाहित बहीण.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. स्वमग्न मुलाला ‘सुधारून’ समाजाच्या साच्यात बसविणे हेच ध्येय मानायचे काय? आक्षेप रास्त आहे आणि तो स्वमग्न प्रौढांनी स्वतःच उचलला आहे. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ मध्ये असे मांडले की, संवादातील तूट एकतर्फी नसते. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणतात. इतरांना त्याचे मन कळते असे कोणी सिद्ध केले? त्याने डोळ्याला डोळा द्यावा यासाठी त्याला वर्षभर शिकविण्यापेक्षा, डोळ्यांत न पाहताही माणूस ऐकत असतो एवढे शिक्षकांना एका दिवसात शिकविता येईल. अर्थात बोलता न येणाऱ्या, स्वतःचेच डोके भिंतीवर आपटणाऱ्या मुलाच्या आईला हे तत्त्वज्ञान पुरत नाही. तिला मदतनीस हवा असतो, आणि तो आज हवा असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि चळवळीला दोन्हींसाठी भांडावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात शंभर ते सव्वाशे माणसांमागे एक स्वमग्न असतो. हजार वस्तीच्या वाडीत आठ-दहा माणसे झाली. ज्या वाडीत पक्षाची शाखा आहे आणि शाखेला असे एकही मूल ठाऊक नाही, तेथे मूल नाही असा त्याचा अर्थ होत नाही. पावसाळ्याआधी शाखांनी एवढे करता येईल: अंगणवाडीताईंच्या बैठकीत वर सांगितलेल्या खुणांवर एक दुपार बोलणे घडवून आणावे, त्यांच्या संघटनेला बरोबर घेऊन. सभेचा कर्णा कोणाच्या दारावर रोखला आहे तेही एकदा पाहावे. कान दाबून बसलेले मूल बहुधा त्याच घरात सापडेल. आणि प्रत्येक जिल्हा समितीने माहिती अधिकाराखाली एक साधा अर्ज टाकावा: आपल्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मानसशास्त्रज्ञाचे, वाचोपचारतज्ज्ञाचे आणि विशेष शिक्षकाचे पद मंजूर आहे काय, ते भरलेले आहे काय, आणि गेल्या वर्षी त्या केंद्रात कोणकोणत्या तालुक्यांतून किती मुले पोहोचली. तालुकावार आकडे मागावेत. एकूण आकडा घेऊन परतू नये.